जवारीचा केक होते म्हणजे होते

मित्रांनो, मी एक गोल ओव्हन आहे. जुना आहे, अंगावर पोचे आहेत, आणि तरीही मला कोणाची कीव नको आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुनी वस्तू बोलायला लागली की ऐकणारे लगेच सुस्कारे टाकायच्या तयारीला लागतात. माझी गोष्ट सुस्काऱ्यांची नाही. ती एका भांडणाची आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा ओव्हन पाहिलाच नसेल. मी ॲल्युमिनियमचा, मोठ्या डब्यासारखा गोल आहे. वर झाकण, झाकणाच्या मधोमध बशीएवढी काच, दोन्ही बाजूंना काळ्या मुठी. तळाशी तार बसवलेली आहे, ती तापली की लाल होते. मला बटण नाही, आकडे नाहीत, काम झाल्यावर मी कसला आवाजही करत नाही. पिन लावली की तापतो, काढली की निवतो. किती तापवायचं ते माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला वासावरून ओळखावं लागतं. आजकालच्या ओव्हनला म्हणे सगळं आपलं आपल्याला कळतं. कळू दे.

पस्तीस वर्षांपूर्वी सीताबर्डीच्या एका दुकानातून शामलाबाईंनी मला निवडलं. त्यांनी मे महिन्याच्या सुटीत केक-बिस्किटांचा वर्ग केला होता आणि वर्गातला ओव्हन परत देताना त्यांना फार वाईट वाटलं होतं. त्यांचे यजमान मनोहरराव कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायचे. त्यांनी मला सुतळीने सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि अजनीच्या दोन खोल्यांत आणलं. वाटेत मी एकदा पडलो. पहिला पोचा तेव्हाचा आहे.

मग मी काम केलं. मित्रांनो, काय काम केलं म्हणून सांगू! दिवाळीत नानकटाईचे घाणेच्या घाणे काढले. चाळीतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस माझ्या पोटातून निघाला. वास सुटला की पोरं दाराशी येऊन उभी राहत आणि शामलाबाई एकेकाला उचलून माझ्या काचेतून आत दाखवत. "पाय, फुगून राहिला!" त्या म्हणत. मी तेव्हा ताठ बसत असे.

आणि मग एक दिवस आला. शामलाबाईंच्या भाचीचा पाचवा वाढदिवस होता. शामलाबाईंनी सकाळीच उठून केक केला, साधा, वरून भाजल्याचा बदामी रंग आलेला. तिकडे भाचीच्या घरी हॉलमध्ये बेकरीतून तीन मजली क्रीमचा केक आला होता, त्यावर गुलाबी फुलं होती. सगळ्यांनी तोच कापला, तोच खाल्ला. आमचा केक ताटात झाकलेला राहिला आणि झाकलेलाच घरी परत आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला राखेने घासलं, पुसलं, जुन्या उशीच्या अभ्र्यात घातलं आणि कपाटावर ठेवलं. पुढे घर बदललं, शहराच्या टोकाला बेस्याला फ्लॅट झाला, मीही गेलो. पण कपाटावरच. आता ते कपाट हॉलमध्ये, टीव्ही तिरका दिसेल अशा बाजूच्या भिंतीला होतं.

मनोहररावांनी मला दोनदा कबाडीवाल्यासमोर नेलं. दोन्ही वेळा शामलाबाईंनी दारातूनच सांगितलं, "तो नाई द्याचा." का, ते शामलाबाईंनी सांगितलं नाही, आणि मनोहररावांनी विचारलं नाही.

अभ्रा जुना होता, शिलाईपाशी उसवलेला होता. त्या फटीतून मला टीव्ही दिसायचा. आणि तिथेच माझ्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला.

दर शनिवारी-रविवारी संध्याकाळी सात वाजता 'खमंग सामना' नावाची स्पर्धा लागायची. राज्यभरातली बारा साधी माणसं, घरी केक करणारी, एका मोठ्या पांढऱ्या मंडपात यायची. प्रत्येकासमोर काचेच्या दाराचा चकचकीत ओव्हन. भिंतीवर मोठं घड्याळ. वेळ संपला की घंटा वाजायची आणि सगळ्यांनी हात वर करायचे. मग चॉकलेटी कोट घातलेले शेफसाहेब यायचे, प्रत्येक केकमध्ये सुरी घालायचे, एक घास खायचे आणि त्या माणसाचं काय ते ठरवायचे. दर आठवड्याला एक जण घरी.

आमच्या हॉलमध्ये तीन प्रेक्षक असत. मनोहरराव आरामखुर्चीत. सोफ्यावर समोरच्या फ्लॅटमधली माया, शाळेत गणित शिकवणारी, येताना कच्च्या चिवड्याचा वाडगा घेऊन यायची. आणि शामलाबाई खाली चटईवर, भाजी निवडत.

मनोहरराव कायम शेफसाहेबांच्या बाजूने असत. "ज्याले समजते त्यालेच तिथं बसवते," ते म्हणत. माया कायम हरणाऱ्याच्या बाजूने असे. एकदा गौरांग नावाच्या स्पर्धकाच्या ओव्हनचं दार दुसऱ्याच कोणीतरी चुकून उघडलं आणि त्याचा केक बसला. गौरांगने पाच मिनिटं जास्त मागितली. मिळाली नाहीत.

"द्याले पायजे होती," माया म्हणाली. "चूक त्याची नव्हती."

"घंटा म्हणजे घंटा," मनोहरराव म्हणाले. "एकाले पाच मिनटं दिली का बाकीचे अकरा काय म्हणतीन?"

"काका, तुमच्या चहात कोणी मीठ टाकलं तर तोच चहा प्यान काय तुम्ही?"

"नियम असन तर पीन!"

त्या दिवशी माया चिवड्याचा वाडगा अर्धा भरलेला परत घेऊन गेली. दोन दिवस दोन्ही दारं बंद होती. शामलाबाई मात्र कधी कोणाच्या बाजूने बोलल्या नाहीत. पण मला वरून त्यांचे हात दिसत. टीव्हीत कोणी पीठ जास्त फेटलं की त्यांचे हात भाजीवर थांबत. कोणी घाईने दार उघडलं की त्या ओठ आवळत. आणि शेफसाहेबांनी सुरी घालायच्या आधीच त्यांना कळलेलं असे. एकदाही त्या चुकल्या नाहीत. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला कोण विचारतं!

त्या स्पर्धेत भिवापूरची हर्षा नावाची मुलगी होती. भिवापूर म्हणजे मिरचीचं गाव, आणि तिचे वडील चंपतराव मिरचीचेच शेतकरी. पहिल्या आठवड्यात तिने चॉकलेटच्या केकमध्ये चिमूटभर भिवापुरी मिरची घातली आणि शेफसाहेबांनी दुसरा घास घेतला. त्यांनी दुसरा घास घेतलेला आम्ही त्याआधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ती आमची झाली. ती मंडपातही आपल्यासारखीच बोलायची. "मले भेव नाई लागत सर, फक्त हात थरथरून राहिले," असं ती म्हणाली तेव्हा मायाने टाळ्या वाजवल्या होत्या.

सहाव्या आठवड्यात सांगितलं, आपल्या भागातलं धान्य वापरा. वेळ दीड तास. हर्षाने ज्वारीचा केक करायला घेतला. मैदा अजिबात नाही, ज्वारीचं पीठ आणि संत्र्याचा रस.

तो बसला, मित्रांनो. मधोमध खड्डा पडला. शेफसाहेबांनी एक तुकडा बोटांत घेतला आणि तो वाळूसारखा खाली सांडला. त्यांनी हात झटकले.

"ज्वारीचा केक होत नाही," ते म्हणाले. "ज्वारी भाकरीसाठी असते. भाकरीच थापायची होती तर इतक्या दूर कशाला आलात?"

मंडपात हशा पिकला. बाकीचे स्पर्धकही हसले.

हर्षाने मान वर केली. "होते सर," ती म्हणाली. "जवारीचा केक होते. मले अजून एकदा करू द्या."

शेफसाहेब पुढच्या टेबलाकडे वळले होते. हर्षाने एप्रन काढून त्याची घडी केली आणि ती बाहेर गेली; त्या आठवड्याला घरी जाणारी तीच ठरली.

आमच्या हॉलमध्ये वाद सुरू झाला. पण त्या दिवशीचा वाद विचित्र होता. "असं हसाले नाई पायजे होतं," माया म्हणाली. "बोलाची काही रीत असते. पण केक बसला, हे तर खरंच आहे."

"बसनारच होता," मनोहरराव म्हणाले. "गव्हात चिकटपणा असते, जवारीत नसते. हे विज्ञान आहे. माणूस बरोबर बोलला."

म्हणजे पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. आणि तेव्हाच चटईवरून आवाज आला.

"होते."

दोघांनी खाली पाहिलं.

"काय होते?" मनोहररावांनी विचारलं.

"जवारीचा केक होते," शामलाबाई म्हणाल्या. त्यांनी निवडलेली पालकाची जुडी बाजूला ठेवली.

"तू कधी केला वं?"

"नाई केला. करते."

मनोहरराव हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. "अवं, टीव्हीवरच्या एवढ्या मोठ्या ओव्हनमधी नाई झाला. तो काय तुह्या त्या डब्यात होईन?"

शामलाबाई उठल्या. माझ्याकडे बोट केलं. "काढा त्याले खाली."

मित्रांनो, बारा वर्षांनी मला कोणी हाक मारली होती.

खाली उतरल्यावर कळलं की माझी वायर जागोजागी तडकली आहे. मायाचा नवरा संघपाल पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याने माझी जुनी वायर काढून नवी बसवली, तार तपासली आणि म्हणाला, "काकू, याले काही झालं नाई. आपल्या दोघांपेक्षा जास्त जगन हा." मला संघपाल फार आवडला.

पहिला केक रविवारी दुपारी झाला. मधोमध बसला, अगदी टीव्हीतल्यासारखा. मनोहरराव येऊन पाहून गेले. बुधवारी दुसरा केला, दही वाढवून. तो फुगला, पण सुरी लावताच त्याचा भुगा झाला. शुक्रवारचा तिसरा खालून करपला. तो दोष माझा होता. इतक्या वर्षांनी तापताना मला माझा अंदाज राहिला नव्हता, मी कबूल करतो. शामलाबाईंनी करपलेला थर खरवडून काढला, मला थंड होऊ दिलं आणि माझ्या तळाशी एक चपटी ताटली पालथी घातली.

"झालं आता," मनोहरराव म्हणाले. "तीनदा पायलं. मान तुहं चुकलं म्हनून."

"चुकलं असन तर माहं चुकलं," शामलाबाई म्हणाल्या. "जवारीचं नाई."

दुसऱ्या दिवशी त्या दुपारच्या स्वयंपाकाला लागल्या. मी ओट्यावरच होतो. भाकरीसाठी त्यांनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, गॅसवर आधण ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी उकळतं पाणी घालायचं सोडून माठातलं गार पाणी पिठात ओतलं आणि भाकर थापली. कडा चिरल्या. उचलायला गेल्या तर भाकर हातातच तुटली. त्यांनी त्या तुटक्या भाकरीकडे पाहिलं. मग आधणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मी येडीच आहे," त्या म्हणाल्या. आणि दार उघडून ओरडल्या, "माया! अवं माया! आधन!"

माया कणकेच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं काकू भाजल्या.

"जवारीले गरम पाणी लागते," शामलाबाई तिचा हात धरून म्हणाल्या. "तवाच ते एकमेकाले धरते. रोज भाकर थापते मी, रोज आधन ठेवते, अन् केकले गारच दूध टाकून राहिली होती!"

मित्रांनो, तो चौथा केक मी शेवटपर्यंत विसरणार नाही. त्यांनी निम्म्या पिठावर उकळतं दूध ओतलं, घोटलं आणि झाकून निवू दिलं. मग उरलेलं पीठ, दही, तेल, साखर, संत्र्याचा रस आणि किसलेली साल घातली. आणि एक तास नुसतं ठेवून दिलं, म्हणजे पिठाचा कणन् कण भिजेल. सोडा सगळ्यात शेवटी. मग भांडं माझ्या पोटात आलं.

मनोहरराव पंधराव्या मिनिटाला स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी माझ्या मुठीला हात घातला.

"झाकन उघडलं तर याद राखा!" शामलाबाई म्हणाल्या.

लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. मनोहररावांनी हा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी हात मागे घेतला आणि काचेतून पाहायला वाकले. मायाही वाकली. तीन डोकी माझ्या काचेवर झुकली होती आणि आत माझ्या पोटात ज्वारी हळूहळू वर येत होती. मध्ये खड्डा नाही. कडा चिरलेल्या नाहीत. मी माझी तार जीव लावून सांभाळत होतो.

केक निवल्यावर शामलाबाईंनी सुरी चालवली. फोड उभी राहिली. मनोहररावांनी एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता हे पाय, गरम दुधानं पिठातला स्टार्च फुगते, त्याच्यानं चिकटपणा येते. म्हंजे हे विज्ञानात बसते."

"आता बसते काय!" शामलाबाई म्हणाल्या.

मायाने केकचा, माझा आणि शामलाबाईंचा व्हिडिओ काढला आणि वाहिनीला पाठवला. दोन आठवडे उत्तर आलं नाही. तिने तो सगळ्यांना दिसेल असा टाकला, तर काही लोकांनी छान म्हटलं आणि काहींनी माझ्या पोच्यांवर विनोद केले. माया चिडली, पुन्हा पाठवते म्हणाली. शामलाबाईंनी तिला थांबवलं.

"त्या शेफले सांगून काय कराचं? त्यानं तर खाऊन पायलं अन् विसरला. जिचा केक मोडला तिले सांगाले पायजे."

"म्हंजे?" मनोहररावांनी विचारलं.

"म्हंजे भिवापूर."

"अवं, ओळख ना पाळख, कोनाच्या घरी जाऊन काय सांगशीन?"

"तुमी नका येऊ."

ते आले. रविवारी सकाळी दिघोरी नाक्यावरून उमरेडमार्गे जाणारी एसटी पकडली. शामलाबाई, माया आणि चादरीत बांधलेला मी, मनोहररावांच्या मांडीवर. मी खिडकीशी होतो, आणि चादरीच्या गाठीतून मला बाहेरचं दिसत होतं. इतकी वर्षं एका कपाटावर काढलेल्या ओव्हनला बाहेरची शेतं पाहून काय वाटलं ते सांगायला बसलो तर माझी गोष्ट लांबेल.

भिवापूरच्या बसस्थानकासमोर एका पानठेल्यावर घर विचारलं. ठेलेवाला हसला. "कोन, ते भाकरवाली काय? टीव्हीवर जाऊन आली ते?"

शामलाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हसणं गिळलं आणि रस्ता नीट सांगितला.

घरासमोर लाल मिरची वाळत पडली होती. चंपतरावांनी बसायला खाट दिली, पाणी दिलं. ते थकलेले दिसत होते. "तुमी इतक्या दुरून आले, बरं वाटलं," ते म्हणाले. "पन पोरगी कोनाशी बोलत नाई. आधी गावातून केक न्यायले लोक येत. आता कोनी येत नाई, अन् पोरगी ओव्हनकडं पायत नाई." त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. तिथे एक नवा ओव्हन पोत्याने झाकून ठेवला होता. मला तो अभ्रा आठवला.

हर्षा आतल्या दारात येऊन उभी राहिली. टीव्हीतल्यापेक्षा बारीक वाटली. "मले माहीत आहे तुमी काहून आल्या," ती म्हणाली. "सगळेच येते समजवाले. हरलं तरी काही नाई होत म्हनते. मले नाई ऐकाचं."

"मी समजवाले आलीच नाई," शामलाबाई म्हणाल्या. "मी भांडाले आली."

हर्षा चमकली.

"जवारीच्या पिठाले तू आधन काहून नाई दिलं?" शामलाबाईंनी विचारलं. "भिवापूरची पोरगी तू. भाकर थापली नाई काय कधी? गार दूध टाकलं, बसनारच ना केक!"

माया घाबरून त्यांचा पदर ओढू लागली. हर्षाचा चेहरा लाल झाला. आणि मग ती जी बोलली, ती तीन आठवड्यांचं साठलेलं बोलली.

"मले आधनाचं शिकवता मावशी? माह्या मायनं शिकवलं ते मले! घरी मी वीसदा केला तो केक, आधन देऊनच केला. पन दूध उकळाले वेळ लागते, पीठ निवाले वेळ लागते, भिजाले घंटाभर लागते. तिथं दीड घंट्यात सगळं! त्यातच भाजाचं, त्यातच थंडं कराचं, वरून सजवाचं. मी आधीच सांगितलं होतं त्याईले, मले वेळ कमी पडते म्हनून. नियम आहे म्हने. मग मी काय करू? टाकलं गार दूध!" तिचा आवाज फुटला. "होते म्हटलं होतं ना मी. सगळ्याईसमोर म्हटलं. कोनी ऐकलं नाई."

"मी ऐकलं," शामलाबाई म्हणाल्या.

शामलाबाई उठून तिच्याजवळ गेल्या. "मी चटईवर बसून होती, अन् मले वाटलं, या पोरीले आधनाचं माहीत नसन. मीबी तुले टीव्हीतूनच पायलं. चुकलं माहं. पन होते म्हनाली ते मी ऐकलं, अन् म्हनून ह्याले बारा वर्षांनी खाली काढलं." त्यांनी चादर सोडली आणि मला खाटेवर ठेवलं.

हर्षा माझ्याकडे पाहत राहिली. तिने माझं झाकण उचललं, आत पाहिलं, काचेवर बोट फिरवलं. "याच्यात केला?"

"चारदा. तीनदा फसला."

मनोहरराव खाटेच्या कडेवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "मी कॉलेजात होतो पोरी. प्रॅक्टिकलचा वेळ संपला का मीच पोरांच्या हातून परीक्षानळ्या काढून घ्याचो. कोनाचा रंग बदलाले एक मिनट राहत असन, मी थांबलो नाई. घंटा म्हनजे घंटा." माया त्यांच्याकडे पाहत होती, पण या वेळी तिने मुद्दा जिंकल्यासारखं काही केलं नाही.

हर्षाने कमरेला ओढणी बांधली. "दूध आना," ती वडिलांना म्हणाली.

त्या दिवशी कोणी घड्याळ पाहिलं नाही. दूध उकळलं, पीठ निवलं, भिजलं. तोवर शेजारच्या दोन बाया आल्या, मग चार झाल्या. केक माझ्या पोटात जायच्या आधी हर्षाने अंगणातली एक मिरची कुटून चिमूटभर आत टाकली.

"त्याची गरज नाई," शामलाबाई म्हणाल्या. "संत्र्याची चव मरन."

"नाई मरत मावशी, वर येते."

"मी सांगून राहिली ना!"

"अन् मी करून राहिली ना!"

मग केक झाला आणि अंगणात दोन तट पडले. अर्ध्या बायांना मिरची हवी होती, अर्ध्यांना नको होती. चंपतराव मिरचीच्या बाजूने होते, मनोहरराव आपल्या बायकोच्या बाजूने होते, तेही सदतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि माया म्हणाली मिरची पाहिजेच. तो पानठेलेवालाही कुठून तरी आला होता. त्याने फोड खाल्ली, बोटं चाटली आणि दुसरी मागितली. हर्षाने दिली नाही. "भाकरवालीच्या हातचं एकच भेटते," ती म्हणाली. आणि मग ती हसली.

महिन्याभराने तिचा फोटो आला. दाराशी चंपतरावांनी पांढऱ्या रंगाने पाटी रंगवली होती: 'इथे ज्वारीचा केक मिळेल. घाई असल्यास येऊ नये.' आता उमरेडहूनही लोक येतात म्हणे, आणि थांबतात.

मी बेस्याला परत आलो. 'खमंग सामना'ची नवी मालिका सुरू झाली आहे. वाहिनीने हर्षाला कधी बोलावलं नाही, आणि शेफसाहेबांचा कोट तसाच चॉकलेटी आहे. वादही तसेच चालतात. फक्त घंटा वाजली की मनोहरराव टीव्हीला म्हणतात, "दे ना गा अजून पाच मिनटं, काय जाते तुह्या बापाचं!" आणि शामलाबाई आता चटईवर बसत नाहीत. त्या सोफ्यावर बसतात, मधोमध, आणि सगळ्यांच्या आधी बोलतात.

तर मित्रांनो, जाता जाता मागणं एकच. तुमच्या घरीही कोणी माझ्यासारखं कपाटावर बसलं असेल, एखादं यंत्र, एखादं भांडं. त्याला नुसतं पुसून जपून ठेवू नका. त्याची वायर बदला, त्याला तापवा, त्याच्याकडून काम घ्या. ते एकदा चुकेल, दोनदा करपवेल. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहा. आणि कोणी कोट घालून येऊन सांगितलं की अमुक होत नाही, तर आधी घरी या, पीठ काढा आणि करून पाहा.

आता मात्र मला बोलता येणार नाही. शामलाबाईंनी नाचणीचं पीठ चाळायला घेतलं आहे. नाचणीचा केक होत नाही, असं काल कोणीतरी टीव्हीवर म्हणालं.